पाट्यावरचं गाणं

माझ्या पासपोर्टवर पहिला शिक्का बसला तो वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. जन्म निपाणीचा, सासर बेळगावात शहापूरला, शाळेत बत्तीस वर्षं नोकरी, आणि लांबचा प्रवास म्हणाल तर एकदा काशी आणि दोनदा तिरुपती. धाकट्या जावयाला मॉरिशसमध्ये एबेनला नोकरी लागली आणि २०२३ च्या जुलैत मुलीनं महिनाभरासाठी मला तिकडं बोलावून घेतलं. "आई, इथं थंडी आहे, स्वेटर आण," म्हणाली. विषुववृत्ताच्या खाली गेलं की ऋतू उलटे होतात हे मी भूगोलात वर्षानुवर्षं शिकवलं, पण जुलैत बॅगेत स्वेटर भरताना शेजारणी हसल्याच.

मुंबईहून सहा तास. विमान खाली यायला लागलं तशी मी समुद्र बघायला खिडकीला नाक लावलं, तर दिसला ऊस. डोंगराच्या पायथ्यापर्यंत नुसता ऊस! निपाणी-चिकोडीकडच्या बाईला एवढ्या लांब जाऊन उसाचं काय कौतुक? पण त्या फडांत मध्येमध्ये काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग होते, देवळाच्या जोत्यासारखे रचलेले. जावयांनी सांगितलं, ही सगळी जमीन ज्वालामुखीच्या दगडांची. आपल्याकडून गेलेल्या मजुरांनी हातांनी दगड वेचून बाजूला रचले, तेव्हा कुठं ऊस लागला. मजूर नेताना त्यांना 'तिथं दगड उचलला की खाली सोनं सापडतं' असं सांगत, अशी आठवण तिथली माणसं अजून काढतात. दगड मात्र खरोखरच उचलायला लागले.

मुलगी-जावई कामावर गेले, नातू शाळेला गेला, की घरात मी एकटी. दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी पिशवी घेतली आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. मुलगी संध्याकाळी रागावली, पण मला काय भीती? बसला कंडक्टर होता, तिकीट फाडत होता, आणि गर्दीत "पुढं सरका" म्हणत असणार हे भाषा न कळताही कळत होतं. त्यांची बोली क्रिओल. पूर्वी हे बेट फ्रेंचांचं, १८१० पासून इंग्रजांचं, १९६८ ला स्वतंत्र झालं. त्यामुळे कायदेमंडळाची भाषा इंग्रजी, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, आणि घरात, बाजारात, भांडणात क्रिओल. "बोंझूर" म्हटलं की काम होतं हे मी पहिल्याच दिवशी शिकले. वांग्याला ते ब्रेंझेल म्हणतात. रस्त्यावर दालपुरी मिळते. हरभऱ्याची डाळ शिजवून वाटून भरलेली, मऊ, पातळ. पहिला घास घेतला आणि गूळ कुठं गेला म्हणून शोधत राहिले! आपली पुरणपोळी, आपली होळीगे, पण गुळाविना, आणि आत रस्सा अन् चटणी. शेवटी रोज खायला लागले.

चौथ्या-पाचव्या दिवशीची गोष्ट. बसमध्ये शेजारी पन्नाशीच्या एक बाई बसल्या. माझं कुंकू, मंगळसूत्र बघून इंग्रजीत म्हणाल्या, इंडियातून आलात का? मी हो म्हटलं. तुम्ही हिंदू का, असं मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही, मी मराठी."

मी गोंधळले. मग कळलं, की तिथं बोलताना 'हिंदू' म्हणजे बिहारकडून आलेले, भोजपुरी घराण्यातले लोक. तमिळ वेगळे, तेलुगू वेगळे, मराठी वेगळे. देव तेच, पण ओळख भाषेवरून सांगायची. आणि गंमत म्हणजे हे सगळे जण घरात बोलतात क्रिओल! भाषा तोंडातून गेली तरी नाव म्हणून राहिलेली. आमच्याकडं घराघरात दोन भाषा बोलतात, आणि ओळख विचारली की एकच सांगावी लागते. मी हे बाईंना सांगितलं असतं, पण समजावायला बेळगावपासून सुरुवात करावी लागली असती. तेवढ्यात त्यांनी मराठीत विचारलं, "आपण महाराष्ट्रातून आलात काय?" सावकाश, पुस्तकातल्यासारखं, एकेक शब्द पाटावर ठेवावा तसं. त्या प्राथमिक शाळेत मराठी शिकवतात. तिथल्या सरकारी शाळांत हिंदी, तमिळ, तेलुगूबरोबर मराठीचाही वर्ग असतो, ज्याला हवा तो घेतो.

आता उत्तर काय द्यावं? मी म्हटलं, "मराठी आहे, पण कर्नाटकातली." त्या हसल्या. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. त्यांचं गाव कास्कावेल. तिथं मराठी घरं बरीच आहेत. "रविवारी या, आमच्या आजीला भेटा," म्हणाल्या आणि वहीचं पान फाडून फोन नंबर लिहून दिला.

रविवारच्या आधी शनिवारी पोर्ट लुईला गेलो, राजधानीत. बाजारात अलूदा प्यायलो, म्हणजे सब्जाचं बी घातलेलं थंड दूध. पैसे देताना नोट उलटसुलट केली, तर तिच्यावर देवनागरी अक्षरं! परक्या मुलुखात देवनागरी दिसल्यावर जीव कसा सुखावतो, हे सांगून कळणार नाही. इंग्रजी, मग तमिळ, मग हिंदी, आणि आकडे गुजरातीतसुद्धा. मी म्हटलं, बघा, किती गुण्यागोविंदानं नांदतात. जावई हसले. म्हणाले, "आई, याच नोटांवरून १९९८ मध्ये केवढं झालं होतं, माहीत आहे?" त्या वर्षी नव्या नोटा काढताना हिंदी वर आणि तमिळ खाली छापली गेली. तमिळ लोक म्हणाले, आम्ही या बेटावर आधी आलो, आमची ओळ आधी होती, ती खाली का? एवढा गदारोळ झाला की बँकेला त्या नोटा मागं घ्याव्या लागल्या आणि पुढच्या वर्षी जुन्या क्रमानं पुन्हा छापाव्या लागल्या. एका ओळीसाठी!

मला हसू आलं आणि हसू थांबलंही. एक ओळ वर का खाली, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. दुकानांच्या पाट्यांवरून आमच्या गावात काय काय झालंय ते वाचकांना माहीत आहे. पर्समधून आपली शंभराची नोट काढून बघितली. पंधरा भाषांची ती पट्टी आपण कधी वाचत नाही. कन्नड चौथी, मराठी आठवी, मध्ये काश्मिरी, कोकणी, मल्याळम. इंग्रजी नावांच्या अकारविल्हे लावलेली असल्यामुळे तिथं कुणाचं भांडण नाही.

त्याच दिवशी आप्रवासी घाट पाहिला. बंदराला लागून जुन्या दगडी इमारतीचे अवशेष आहेत, आणि समुद्राकडून वर येणाऱ्या पायऱ्या. मी मोजल्या, सोळा. १८३५ मध्ये तिथं गुलामगिरी बंद झाली. उसाला माणसं हवीत म्हणून त्याच सुमारास हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ ला पहिली छत्तीस माणसं उतरली. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास. त्यातली रत्नागिरीकडची, कोकणातली आणि घाटावरचीही काही माणसं मुंबई बंदरातून गेली. २००६ पासून घाट जागतिक वारसा आहे. उतरलेल्या प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जहाज, सगळं रजिस्टरात उतरवून घेत. ती रजिस्टरं आता मोका गावी महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत. लिहिणारा साहेब कानाला ऐकू येईल तसं इंग्रजीत लिहायचा. माणसाचं एकच नाव लिहिलं की नातवंडांचं तेच आडनाव झालं. म्हणून तिथं सखाराम हे आडनाव असतं, बाबाजी असतं, रामजी असतं. त्या वेळी आपला बेळगाव जिल्हाही मुंबई इलाख्यातच होता. एखादा कन्नड बोलणारा माणूस मुंबईच्या जहाजात चढला असेल तर साहेबानं त्याला काय म्हणून लिहिलं असेल, असं मला उगाच वाटून गेलं.

रविवारी कास्कावेल. शेजारीच त्याच नावाचा झगमगीत मॉल झाला आहे, पण गाव साधं. दारात तुळस, मागं पपई. आजी नव्वदीला टेकलेल्या, अंगात फुलाफुलांचा झगा, पायात सपाता. मला वाटलं होतं नऊवारी दिसेल. माझंच खुळेपण, आणि काय! त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि क्रिओलमध्ये बरंच काही बोलल्या. नातीनं (म्हणजे त्या बसमधल्या बाईंनी) सांगितलं, "आजी म्हणते, तू आमच्या आजोळची."

स्वयंपाकघराच्या मागं पडवीत काळ्या दगडाचा पाटा होता. तिथं त्याला रोस कारी म्हणतात. मिक्सर आहे हो घरात, पण मसाला आजी पाट्यावरच वाटतात. मला कौतुकानं दाखवायला म्हणून त्या खाली बसल्या. धणे, जिरं, लसूण, ओली मिरची. वरवंटा पुढं-मागं व्हायला लागला आणि त्याच्या चालीवर आजी गाऊ लागल्या. आवाज चिरकलेला. मी नीट कान दिला. हळद म्हणत होत्या. मांडव म्हणत होत्या. मामा होता, नवरी होती. लग्नातलं हळदीचं गाणं! शब्द झिजून झिजून गुळगुळीत झालेले, दोन शब्दांचा मिळून एक झालेला, पण मराठी. वाटण झालं आणि गाणंही थांबलं.

मग आजींनी नातीकडून मला विचारलं, "याचा अर्थ काय?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. नातीनं पुन्हा सांगितलं. आजीला हे तिच्या आईनं शिकवलं. कुटुंबातल्या सगळ्या लग्नांत ती म्हणते. अर्थ तिला कधी कुणी सांगितला नाही, आणि नात शाळेतलं मराठी शिकवते, तिला हे मराठी लागत नाही. मी पाट्याशेजारी बसले आणि एकेक शब्द सोडवला. नवरीला हळद लावतायत, मामा मांडवात आलाय. आजी ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या. एक शब्द मलाही लागला नाही. मी तसं सांगितलं. नातीनं तो शब्द वहीत लिहून घेतला. आजी म्हणाल्या, अर्थ आता कळला, पण आधीही गाणं येतच होतं की.

भोजपुरी बायकांच्या लग्नगीतांना, गीत-गवईला, २०१६ मध्ये युनेस्कोनं मान दिला. चांगलंच झालं. गणपतीत मराठी पुरुष झाकरी करतात, ती आपल्या कोकणातली जाखडी. चतुर्थीची सरकारी सुट्टी असते. पण मसाला वाटतानाचं एका म्हातारीचं गाणं कोण कुठं नोंदवणार?

त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझी आई संकेश्वरकडची. माहेर पूर्ण कन्नड. लग्न होऊन निपाणीत मराठी घरात आली, मराठी शिकली, लिहायलाही शिकली. वडील तंबाखूच्या वखारीत कारकून. आई आमच्याशी मराठीत बोलायची, पण जात्यावर बसली की कन्नड. बीसुकल्लिन पद म्हणतात त्याला. तीन-तीन ओळींची ती त्रिपदी, आपल्या ओवीची बहीणच. जात्याच्या घरघरीबरोबर ते कानावर पडलं की माझी सकाळ व्हायची.

१९६७ ला महाजन आयोगाचा अहवाल आला. निपाणी महाराष्ट्रात द्यावी, बेळगाव म्हैसूर राज्यात राहावं, असं त्यात होतं. घरोघरी, कट्ट्यावर, वखारीत दुसरा विषय नव्हता. मोर्चे निघत होते. मी दहा वर्षांची. एके दिवशी शाळेतल्या तीन मैत्रिणी घरी आल्या होत्या आणि आतून आईचं गाणं ऐकू येत होतं. एकीनं विचारलं, "तुमच्यात कानडी बोलतात?" मी ताडकन उठून आत गेले आणि म्हणाले, "आई, बंद कर ते. कानडी म्हणू नकोस."

तिनं जातं थांबवलं नाही. गाणं मात्र थांबलं. त्यानंतर ती दळताना नुसता सूर धरायची, तोंड मिटून. मला वाटतं वर्षभरानं घरात गिरणीचं पीठ यायला लागलं आणि तेही गेलं. माझ्यावर कधी रागावली नाही. कुणी मोठ्यानं तिला हे सांगितलं असतं तर मी आज त्याच्यावर खापर फोडलं असतं. पण घरात कुणीच काही म्हटलं नव्हतं, ना आजीनं, ना वडिलांनी. मीच म्हटलं. पुढं मीही कन्नड शिकले, बाजारात, बसमध्ये, नोकरीत रोज बोलते. आई १९९४ ला गेली. त्या सत्तावीस वर्षांत तिला ते गाणं पुन्हा म्हणायला सांगणं मला सुचलं नाही.

मॉरिशसच्या त्या खोलीत अंथरुणावर बसून मी आठवायचा प्रयत्न केला. चाल आली, सगळी आली. शब्द एकही येईना. कास्कावेलच्या आजींकडं शब्द होते आणि अर्थ नव्हता. मला अर्थ कळला असता, पण शब्दच नव्हते.

दोन दिवसांनी मेट्रोत बसले होते. ही मेट्रो आपल्याच लार्सन अँड टुब्रोनं बांधली, जावयांना त्याचा भारी अभिमान. समोर एक पोरगा फोनवर मोठ्यानं बोलत होता, "हौदव्वा, ऊटा आत, हौदु!" मला बसल्या जागी उडी मारावीशी वाटली. फोन ठेवल्यावर विचारलं, "याव ऊरप्पा?" तो असा दचकला! गोकाककडचा निघाला. कुठल्याशा बांधकामावर फिटर, दोन वर्षं घरी गेला नव्हता. पाच मिनिटांत त्यानं घरची सगळी माणसं सांगितली, मिरची भज्यांपर्यंत आला. मग विचारलं, तुम्ही मराठी का कन्नड? तोच प्रश्न, इथंही! मी म्हटलं, "अव्वा कन्नड, अप्पा मराठी." "हंगादर नम्मवरे," म्हणाला, मग आमच्याच की. मला धीर आला आणि मी त्याला चाल गुणगुणून दाखवली, भर मेट्रोत. त्यानं मन लावून ऐकली आणि मान हलवली. "इल्लरी. आमच्या आईला येत असेल. आमच्याकडं आता मोबाईलवर लावतात." त्याचं स्टेशन आलं. उतरताना वाकून पाया पडला. डब्यातले लोक बघत राहिले.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात परत आले. मावशी संकेश्वरला आहे, आईची धाकटी बहीण, पंच्याऐंशीची. ऐकू कमी येतं. तिच्याकडं एरवी सणासुदीला जाते, यावेळी बॅगा उघडायच्या आधी गेले. कानाशी तोंड नेऊन चाल म्हटली. पहिल्यांदा "काय गं, काय म्हणालीस?" करत राहिली. दुसऱ्यांदा म्हटली तेव्हा तिनं डोळे मिटले, मांडीवरचा हात गोल फिरायला लागला, जात्याचा खुंटा धरल्यासारखा, आणि तिनं पहिली त्रिपदी सबंध म्हटली. दुसरीच्या दोन ओळी. मग थांबली.

"मुंदिंदु?" मी विचारलं. पुढचं?

"पुढचं तुझ्या अव्वालाच येत होतं," मावशी म्हणाली. "माझ्याहून तिचा आवाज चांगला. तू लहानपणी ऐकलं असशील की."

मी पाच ओळी वहीत उतरवून घेतल्या, देवनागरीत, कारण मला कन्नड बोलता येतं, लिहिताना अडखळते. मावशीचा नातू शाळेतून आला, त्यानं त्याखाली कन्नडमध्ये लिहून दिल्या. एका ठिकाणी माझा शब्द चुकला होता तो त्यानं सुधारला.

मावशी स्वयंपाकघराकडं बघत म्हणाली, "ऊटा माडतीयेन?"